फेस्टिव्हलचा नकार आला की तुम्ही काय करता? (शॉर्ट फिल्मवाले, या इकडे)

सुरसागरकाठी | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी बडोद्याचा. नोकरी सांभाळून एक शॉर्ट फिल्म केली, चोवीस मिनिटांची. दांडिया बाजारात बाजाची पेटी दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, त्यांच्या दुकानातला एक दिवस. माणूस खरा, दुकान खरं, मधली गोष्ट थोडी रचलेली. भाषा आमच्याकडे बोलतात तीच, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि गिऱ्हाईक दारात आलं की गुजरातीत संपतं.

गेल्या वर्षापासून फेस्टिव्हलांना पाठवतोय. लहान, मोठे, देशातले, बाहेरचे. सगळीकडून नकार. काहींची गोड मेल येते, 'यंदा एन्ट्री फार आल्या, निवड अवघड होती, तुमच्या पुढच्या कामाला शुभेच्छा'. काहींची तीही येत नाही. फिल्मफ्रीवेवर (फेस्टिव्हलांना फिल्म पाठवायची वेबसाइट) 'इन कन्सिडरेशन'चं 'नॉट सिलेक्टेड' झालेलं आपणच जाऊन बघायचं. एका मराठी महोत्सवातले गृहस्थ फोनवर म्हणाले, गुजराती जरा जास्त होतंय. एका गुजराती आयोजकांनी सांगितलं, ही तर मराठी फिल्म आहे, आमच्यात कशी बसवू?

फिल्मची लिंक व्हिमिओ या व्हिडिओ साइटवर आहे, मी तिथले आकडे बघत बसतो. कोणत्या देशातून किती प्ले झाले, किती टक्के बघितली. कॅनडातून नकार आला, पण कॅनडातून एकही प्ले नाही. मग डोकं फिरतं.

दोन प्रश्न आहेत. एक, हे तुम्ही पचवता कसं? दोन, फिल्म कापून बारा-चौदा मिनिटांची करू का? 'प्रयत्न करत राहा' एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलंत तरी चालेल, ते घरी रोज ऐकतो.

---

रावपुरा रिटर्न्स | रविवार, सकाळी ८:१०

बडोदेकर दिसला, बरं वाटलं. प्रयत्न करत राहा. (हलके घ्या.)

---

पिक्चरवाल्याची बायको | रविवार, सकाळी ९:३५

आमच्याकडे दोन नियम आहेत. दोन्ही भांडून झालेत.

पहिला, रात्री नऊनंतर मेल उघडायची नाही. अमेरिकेतली उत्तरं आपल्या रात्रीच येतात. नकार वाचून माणूस पहाटे तीनपर्यंत जागा, आणि सकाळी डबा करताना मला त्याचं तोंड बघायचं. तीच मेल सकाळी चहानंतर वाचली तर नकार तेवढाच असतो, पण दिवसभर कामं असतात.

दुसरा, एन्ट्री फीचं खातं वेगळं. मोठ्या फेस्टिव्हलला शॉर्ट फिल्मसाठीही चाळीस-पन्नास डॉलर सहज जातात, वर बँक परकीय चलनाचा आकार लावते. वर्षाच्या सुरुवातीला जी रक्कम ठरेल ती त्या खात्यात. संपली की संपली. मुलांच्या फीकडे आणि सोन्याकडे बघायचं नाही. मोठ्या दिग्दर्शकांनी गहाण टाकलेल्या बायकांच्या दागिन्यांच्या गोष्टी मला सांगू नयेत.

आणि लग्नकार्यात 'काय झालं रे तुझ्या पिक्चरचं?' याला आमचं ठरलेलं उत्तर आहे, 'चालू आहे. तुमच्या गुडघ्याचं काय झालं?'

---

खवट | रविवार, सकाळी १०:०२

गुडघ्याला +१.

धागाकर्ते, आकडे बघा आणि शांत व्हा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला २०२५ मध्ये ११,१५३ शॉर्ट फिल्म आल्या, घेतल्या ५७. म्हणजे साधारण दोनशेत एक. गोव्याच्या इफ्फीत इंडियन पॅनोरमाच्या नॉन-फीचर विभागात अख्ख्या देशातून जास्तीत जास्त वीस. इथे नकार हाच नियम आहे. त्याचं एवढं काय?

---

फाइन आर्ट्सची पायरी | रविवार, सकाळी ११:२०

खवट, आकड्यानं वाईट वाटायचं थांबतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी प्रिंटमेकर, छापचित्रं करते. आमच्याकडेही ज्युरी असते, आमच्याही फ्रेमा बबल रॅपमध्ये गुंडाळलेल्या परत येतात, आणि वाहतूक खर्च आपलाच. दोनशेत एक हे मला फॉर्म भरतानाही माहीत असतं. तरी खोकं परत आलं की दोन दिवस स्टुडिओत जावंसं वाटत नाही. ते दोन दिवस मी स्वतःला देते. तिसऱ्या दिवशी जाते, पण नवीन काही करत नाही. शाईचे रोलर धुते, कागद कापून ठेवते. हात चालू झाले की पुढचं आपोआप होतं.

एक विचारते. फिल्म ज्यांच्यावर आहे त्या आजोबांनी ती बघितली का?

---

सुरसागरकाठी | रविवार, दुपारी १२:४५

नाही. लॅपटॉपवर तुकडे दाखवलेत. मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं होतं, पण कुणीतरी म्हणालं की बाहेर शो केला तर प्रीमियर जातो, मग पहिला शो आपल्याकडेच हवा म्हणणारे फेस्टिव्हल घेत नाहीत. म्हणून थांबलो. ते विचारतात अधूनमधून. मी म्हणतो, परदेशात पाठवलीय.

---

दक्षिणी काका | रविवार, दुपारी १:३०

फाळके विसरलात की काय बडोदेकर?

धुंडिराज गोविंद फाळके १८९० मध्ये आपल्या कलाभवनात दाखल झाले. ते कलाभवन, जे पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालं. फोटोग्राफी, चित्रकला, शिल्पकाम इथेच शिकले. नंतर गोध्र्याला फोटोचं दुकान टाकलं. १९०० च्या प्लेगात बायको आणि मूल गेलं, ते बंद करून पुन्हा बडोद्यात आले. इथे फोटोचा धंदा चालेना. चरित्रांत कारण दिलंय ते मजेदार आहे. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी गावात समजूत पसरली होती. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या जनकाला आपल्या गावानं 'नॉट सिलेक्टेड' केलेलं आहे. तुम्ही चांगल्या पंगतीत बसला आहात.

---

खवट | रविवार, दुपारी १:४१

झालं, फाळके आले. आता सत्यजित राय येतील, मग दागिने येतील. काका, जे पुढे मोठे झाले त्यांचेच नकार आपण सांगतो. ज्यांना शेवटपर्यंत कोणी घेतलंच नाही त्यांची नावं सांगा बरं चार.

---

दक्षिणी काका | रविवार, दुपारी २:०५

सांगता येत नाहीत, कबूल. पण मी यशासाठी सांगत नव्हतो. पुढचं ऐका. 'राजा हरिश्चंद्र'ला पैसे उभे करायचे होते तेव्हा सिनेमा म्हणजे काय हे सावकारांच्या डोक्यात शिरेना. १९१२ ची गोष्ट. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवून थोडं थोडं चित्रण केलं आणि रोप डोळ्यांदेखत वाढतंय असा छोटा चित्रपट बनवून तोच दाखवला. मग कर्ज मिळालं, तेही तारण ठेवूनच. माझा मुद्दा एवढाच की नाही म्हणणाऱ्याशी ते वाद घालत बसले नाहीत. पडदा लावून दाखवलं. तुमचा पेटीवाला वर्षभर हार्ड डिस्कमध्ये आहे.

---

माळव्यातली मी | रविवार, दुपारी ३:१५

काकांशी सहमत. मी इंदूरची. आमच्या फिल्मला पण कुठेच जागा मिळाली नाही तेव्हा गणपतीतल्या कार्यक्रमांमध्ये घुसवली, अथर्वशीर्ष स्पर्धेचा निकाल आणि फराळ यांच्या मध्ये. शेजारच्या शाळेचा प्रोजेक्टर आणला. माझ्या फिल्मचा शेवट मोकळा आहे, एक बाई बसस्टॉपवर उभी असते आणि संपते. दिवे लागल्यावर एका आजींनी माइक मागून घेतला आणि विचारलं, 'ते सगळं ठीक, पण तिला बस मिळाली का?' मागून एक जण म्हणाला, तिला जायचंच नव्हतं. त्यावर दोघांची जुंपली. पोहे गार झाले.

एका परदेशी फेस्टिव्हलला मी फीडबॅकचे वेगळे पैसे भरले होते. त्यात 'सिनेमॅटोग्राफी चांगली, गती संथ' एवढं आलं होतं.

---

चाळणीवाली | रविवार, रात्री ९:२०

मी धागा वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. मी माहेरची बडोद्याची, आता पुण्यात. दोन महोत्सवांसाठी प्री-स्क्रीनिंग करते, म्हणजे आलेल्या ढिगातून पहिली चाळण. नावं सांगत नाही. आतून कसं दिसतं ते लिहिते, थोडं लांबेल.

आम्ही मानधनावर नाही, बरेचसे हौसेखातर. नोकरीवरून आल्यावर लॅपटॉपवर बघतो. प्रत्येकाला एक गठ्ठा मिळतो. गुण द्यायचे, दोन ओळी लिहायच्या. एक फिल्म किमान दोघांनी बघायची असा दंडक असतो. मतं फार वेगळी आली तर तिसरा बघतो. आमच्यातून वर गेलेल्या फिल्म प्रोग्रॅमर, म्हणजे कार्यक्रम ठरवणारा, बघतो, आणि खरी गळती तिथे होते, कारण तो गुण लावत नाही, तो स्लॉट भरत असतो. शॉर्ट फिल्म एकेकटी दाखवत नाहीत, साधारण दीड तासाचा गुच्छ असतो. तुमची चोवीस मिनिटं घेतली तर आठ-आठ मिनिटांच्या तिघांना नाही म्हणावं लागतं. म्हणजे तुमची फिल्म त्या तिघांपेक्षा थोडी बरी असून भागत नाही. शिवाय गुच्छात मृत्यूवरच्या तीन फिल्म नकोत, लहान मुलांच्या चार नकोत, एक तरी हसवणारी हवी. नकाराच्या मेलमध्ये यातलं काही लिहिता येत नाही, म्हणून ती तशी गुळगुळीत असते.

व्हिमिओच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. कॅनडाच्या महोत्सवाचा परीक्षक भारतात बसलेला असू शकतो. काही ठिकाणी फाइल उतरवून घेतात. आणि 'चाळीस टक्के बघितली' असं दिसलं तरी मी दुसऱ्या दिवशी फोनवर उरलेली बघितली असेन. तो टॅब बंद करा. त्यातून काही कळत नाही, त्रास मात्र होतो.

आता जरा कडू. म्हातारा कारागीर, जुनं दुकान, खिडकीतून तिरपं ऊन, लोप पावत चाललेली कला. अशा फिल्म माझ्या दर गठ्ठ्यात असतात. विणकर, कल्हईवाला, साइनबोर्ड रंगवणारा, सिनेमागृहाचा ऑपरेटर. सिनॉप्सिस (दोन ओळींत फिल्मची गोष्ट) वाचला की हात 'पुढे'च्या बटणावर जातो. तुमची फिल्म मी बघितलेली नाही. सिनॉप्सिस इथे टाकता का?

---

सुरसागरकाठी | रविवार, रात्री ९:५८

वाचून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

सिनॉप्सिस: 'वडोदऱ्याच्या जुन्या बाजारात एक वृद्ध कारागीर हार्मोनिअम दुरुस्तीची लोप पावत चाललेली कला जिवंत ठेवण्यासाठी एकाकी झुंज देत आहे.'

पण फिल्ममध्ये तसं काही नाही. आजोबांकडे कामाचा ढीग आहे. भजनी मंडळं, शाळा, म्युझिकची पोरं, सगळ्यांच्या पेट्या रांगेत. ते लोकांना हाकलतात. गोष्ट अशी आहे की एक बाई नवऱ्याची पेटी घेऊन येतात. तो गेलाय. एक सूर बेसूर आहे तो नीट करून द्या म्हणतात. आजोबा पेटी उघडतात, आणि त्यांना कळतं की तो सूर मुद्दाम तसा घासलेला आहे. नवऱ्यानं स्वतःच्या गळ्याप्रमाणे करून घेतला असणार. कदाचित यांच्याकडूनच. मग तो दुरुस्त करायचा की नाही.

---

खवट | रविवार, रात्री १०:०१

अहो, मग हे लिहा ना!!

---

फाइन आर्ट्सची पायरी | रविवार, रात्री १०:०६

'एकाकी झुंज' कोणी लिहिलं? ☹

---

सुरसागरकाठी | रविवार, रात्री १०:१५

एक मित्र जाहिरात एजन्सीत आहे, त्यानं. म्हणाला, बाहेरच्यांना असं आवडतं.

---

चाळणीवाली | रविवार, रात्री १०:४०

बाहेरच्यांना असं आवडतं म्हणून सगळेच असं लिहितात, आणि मग कोणाचंच वाचलं जात नाही. नवा सिनॉप्सिस पहिल्या वाक्यातच बाई, पेटी आणि बेसूर सूर यांच्यावर हवा. 'वृद्ध', 'लोप', 'झुंज' तिन्ही बाद. बाजाराचं वर्णन नको.

लांबीचं बोलू. सगळ्यात मोठा शॉट कोणता आहे?

---

सुरसागरकाठी | रविवार, रात्री ११:०५

सूर घासण्याचा. साडेतीन मिनिटं, कट नाही. आजोबा पितळी सूर, म्हणजे वाजणारी पट्टी, बाहेर काढतात, पट्टीच्या टोकाकडे कानसनं दोनदा हलकंच घासतात, बसवतात, भाता मारून ऐकतात. चढला. पुन्हा काढतात, आता मुळाकडे घासतात, उतरवतात. ऐकतात. पुन्हा. (टोकाकडे घासलं की स्वर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. हे मला शूटिंगच्या आधी माहीत नव्हतं.) चौथ्या वेळी ते थांबतात आणि त्यांच्या लक्षात येतं. तोंडावर काही दाखवत नाहीत. फक्त कानस खाली ठेवतात.

हा कापायचा नाही. बाकी काहीही बोला.

---

रावपुरा रिटर्न्स | रविवार, रात्री ११:१२

हा कापलात तर मी रावपुऱ्यातून चालत येऊन भांडेन.

पण आवाजाचं काय? त्या भागात दिवसा रेकॉर्डिंग म्हणजे ॲक्टिव्हाचे हॉर्न. मी साउंडवाला आहे म्हणून विचारतो. कॅमेऱ्याचे दोष लोक शैली म्हणून खपवून घेतात, आवाज खराब असला की दोन मिनिटांत ऐकणारा उठतो. आणि तुमची गोष्टच एका सुराच्या फरकावर आहे. तो फरक लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू येतो का, हे आधी तपासा. स्टुडिओतल्या मॉनिटरवर नाही, लॅपटॉपवर. चाळणीवाल्या ताई तिथेच ऐकणार आहेत.

---

चाळणीवाली | रविवार, रात्री ११:२०

अगदी. हे मी लिहायला हवं होतं.

तो शॉट ठेवा. पण त्याच्या आधी किती वेळ जातो? बाई दुकानात कितव्या मिनिटाला येतात?

---

सुरसागरकाठी | रविवार, रात्री ११:२६

अकराव्या.

---

खवट | रविवार, रात्री ११:२७

(शांतपणे पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

---

चाळणीवाली | रविवार, रात्री ११:४५

दहा मिनिटं दुकान आणि बाजार बघितल्यावर मी ठरवलेलं असतं की ही 'झुंज'वालीच फिल्म आहे. मग बाई येतात तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघतच नाही. कापायचं तर तिथे. शेवटी तुमची फिल्म आहे, मी फक्त बघणारीच्या बाजूनं सांगते. काही फिल्म लांबच असतात आणि त्यांना थोडे दरवाजे कमी उघडतात, हेही मान्य करून चालता येतं. फ्रान्सच्या कान महोत्सवात शॉर्ट फिल्मची मर्यादा श्रेयनामावलीसकट पंधरा मिनिटं आहे, बर्लिनमध्ये तीस. म्हणजे चोवीसची फिल्म एका दारातून आत जात नाही, दुसऱ्यातून जाते.

---

डॉ. ताप-खोकला | सोमवार, सकाळी ७:४०

फिल्मचं मला कळत नाही. पण धागाकर्त्यांसारखे रुग्ण येतात, कारण सांगतात ॲसिडिटीचं. दोन दिवस वाईट वाटणं, चिडचिड, रोलर धुणं हे सगळं ठीक. पण पंधरा दिवसांच्या वर झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील तर तो फेस्टिव्हलचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरकडे जा, किंवा १४४१६ वर फोन करा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, वेगवेगळ्या भारतीय भाषांत बोलता येतं. कोणी दुर्बळ ठरत नाही.

---

माळव्यातली मी | सोमवार, सकाळी ९:१०

डॉक्टर, धन्यवाद, हे लिहायला हवंच होतं.

प्रीमियरची भीती घालून घेऊ नका हो. ती अट जाचते मुख्यतः लांब चित्रपटांना. शॉर्ट फिल्मला बरेच महोत्सव ती लावतच नाहीत. इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकू नका, ते अनेक ठिकाणी अडतं. कलाकार आणि ओळखीच्या लोकांसाठी बिनतिकिटाचा खासगी शो केला म्हणून सहसा कोणी अडवत नाही. तरी ज्या दोन-तीन ठिकाणी पाठवायचंच आहे त्यांचे नियम आधी वाचा, शंका असेल तर मेल करून विचारा. आणि विचारताय तर फी माफ करता का हेही विचारा. माझ्याकडे निम्मे लोक उत्तरच देत नाहीत, पण काही खरंच माफ करतात.

'दर महिन्याला पुरस्कार' देणाऱ्यांपासून मात्र लांब. पडद्यावर शो नाही, परीक्षक कोण ते कळत नाही, निवड झाल्यावर ट्रॉफीचे पैसे वेगळे मागतात. नकारानं थकलेला माणूस तिथे बरोबर सापडतो.

---

फाइन आर्ट्सची पायरी | सोमवार, सकाळी १०:३०

भाषेच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही. मराठीवाल्यांना गुजराती वाटते, गुजरातीवाल्यांना मराठी. मी म्हणते ही अडचण लपवू नका. बाई आजोबांशी कोणत्या भाषेत बोलतात?

---

सुरसागरकाठी | सोमवार, दुपारी १:०५

आधी गुजरातीत. आजोबांचं नाव दुकानावर वाचून मराठीत येतात. नवऱ्याबद्दल बोलताना परत गुजराती, कारण नवरा गुजराती होता.

---

फाइन आर्ट्सची पायरी | सोमवार, दुपारी १:१२

आणि इंग्रजी सबटायटलमध्ये हे सगळं एकच? मग बाहेरच्या परीक्षकाला निम्मी फिल्म दिसलीच नाही की. गुजराती ओळी तिरप्या अक्षरांत घ्या, सुरुवातीला एक ओळ टाका की दोन भाषा आहेत. बरेच लोक असं करतात.

---

दक्षिणी काका | सोमवार, दुपारी २:२०

आम्ही दक्षिणी, म्हणजे बडोद्याची मराठी मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या अशीच बोलतो, ते कोणाच्या रकान्यात बसत नाही ही बातमी नाही. खवटरावांसाठी एक ताजं उदाहरण देतो, मेलेल्या माणसाचं नाही. रोहन कानवडे, फिल्म स्कूलला न गेलेला माणूस, शिकला इंटिरिअर डिझाइन. त्याच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मराठी, तीही गावाकडची. त्याआधी बरीच वर्षं त्यानं शॉर्ट फिल्म केल्या, लॅबमधून (फिल्म घडवायच्या कार्यशाळा) गेला, फिल्म बझारला (निर्माते-वितरक भेटतात तिथे) गेला. भाषा सोपी करून घेतली नाही.

---

खवट | सोमवार, दुपारी २:३१

हे मान्य. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत म्हणणार नाही.)

---

सुरसागरकाठी | सोमवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार एकेकटे मानत नाही, धागा उगाच भरकटेल.

ठरवलं ते सांगतो. सूर घासण्याचा शॉट आहे तसा राहणार. सुरुवातीच्या दहा मिनिटांतून बाजार काढून बघतो, बाई चौथ्या-पाचव्या मिनिटाला आल्या तर काय होतं ते. नाही पटलं तर जुनी प्रत आहेच. बारा मिनिटं करणार नाही. व्हिमिओचा टॅब बंद केला. रावपुराभाई, तुमचा मेसेज आला, शनिवारी लॅपटॉप घेऊन येतो.

नवा सिनॉप्सिस: 'नवऱ्याच्या मागे राहिलेली पेटी घेऊन एक बाई दुरुस्तीच्या दुकानात येते. एक सूर बेसूर आहे. दुरुस्त करणाऱ्याच्या लक्षात येतं की तो कोणीतरी मुद्दाम तसा लावला होता.'

आजोबांना आज विचारलं, दुकानामागच्या हॉलमध्ये दाखवू का. ते म्हणाले, नवरात्राच्या आधी दाखव, नंतर मला वेळ नाही. बाईंचं काम केलेल्या काकूंनाही बोलावतोय. आजोबांची अट एकच, ज्यांच्या पेट्या दुकानात पडून आहेत त्यांना बोलवायचं नाही, ते तिथेच तगादा लावतील.

एक मदत हवी. इंग्रजी सबटायटल आहेत, पण हॉलमध्ये गुजराती शेजारीही असतील आणि मराठी ओळींना गुजराती सबटायटल नाहीत. कोणी करून देईल का?

---

चाळणीवाली | सोमवार, रात्री ११:०४

'कोणीतरी' काढा, 'मुद्दाम तसा लावलेला आहे' एवढं पुरे. सबटायटल माझी वहिनी करेल, ती गुजरातीची शिक्षिका आहे. एसआरटी फाइल पाठवा. फिल्मची लिंकही पाठवा, यंदा मी ज्यांच्यासाठी बघते त्यांच्याकडे मात्र पाठवू नका, ओळख झाली आता आपली.